मदत हवी आहे : आईच्या नावाने पदवीधरांसाठी नवं पारितोषिक ठेवावं, की तिला मिळालेलंच पुन्हा सुरू करावं?

कोरीपाटी (धागाकर्ता)

आई गेल्या श्रावणात गेली. दिवाळीनंतर आम्ही तिघं भावंडं तिचं कपाट आवरायला बसलो, तेव्हा तिचा जाडजूड शब्दकोश निघाला. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना तिने तो इतका वापरला की पाठीला दोनदा कापड लावून झालंय. पहिल्या पानावर डिंकाने चिकटवलेलं छापील लेबल आहे. कॉलेजचं नाव, 'बी. ए. मराठी, १९६८', मग 'कै. सौ. अमुक अमुक स्मृती पारितोषिक', आणि खाली शाईने 'रु. ५२.५०, पुस्तकरूपाने'. हा कोश बक्षिसाचा आहे हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यावरून आमच्यात कल्पना निघाली की प्रत्येकी एक लाख काढायचे आणि तीन लाखांच्या ठेवीतून आईच्या नावाने तिच्याच कॉलेजात बी. ए. होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काहीतरी ठेवायचं. पण 'काहीतरी' म्हणजे काय, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या भावाला सुवर्णपदक हवंय, तेही कॉलेजऐवजी विद्यापीठात, म्हणजे पदवीप्रदान समारंभात नाव पुकारलं जाईल. बहिणीचं म्हणणं, पदक भिंतीवर टांगून पोट भरत नाही, गरजू मुलीला रोख द्या. माझ्या डोक्यात भलतंच शिरलंय. आईला ज्या बाईंच्या नावाने बक्षीस मिळालं त्या कोण, हे आम्हाला माहीत नाही. पण कॉलेजात फोन केला तर क्लार्क म्हणाला, "रजिस्टरला नोंद आहे हो, पण दहा-पंधरा वर्षांत दिलेलं नाही. रक्कमच तेवढी नाही ना." मग नवं पारितोषिक ठेवण्यापेक्षा हेच पुन्हा उभं करावं का?

असा निधी कुणी ठेवलाय का? अटी कशा घालायच्या? कर, कागदपत्रं, काय काय लागतं? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

सुवर्णमुलामा

पदकाच्या बाबतीत भावाला एवढंच विचारा की त्याने हल्ली सोन्याचा भाव पाहिलाय का. तीन लाखांच्या व्याजात दरवर्षी खऱ्या सोन्याचं काय बसतं? नखाएवढं. बहुतेक 'सुवर्णपदकं' चांदीवर किंवा पितळेवर मुलामा दिलेली असतात. माझं पाच वर्षांत काळवंडलं. आई दर दसऱ्याला चिंचेने घासते, आणि प्रत्येक खेपेला थोडं 'सुवर्ण' धुऊन जातं.

जुनालेजर

मी एका विद्यापीठाच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली, त्यात सात वर्षं एंडोमेंटच्या, म्हणजे कायम देणगीनिधींच्या, टेबलावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचं ते ५२.५० कुठून आलं बघा. मुद्दल दीड हजार असणार आणि ते साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत घातलेलं असणार. १५०० चे साडेतीन टक्के बरोबर ५२ रुपये ५० पैसे होतात. त्या काळचे कितीतरी निधी असेच होते, म्हणून बक्षिसांचे आकडे असे विचित्र असत. तेव्हा ही रक्कम किरकोळ नव्हती. १९६८ साली दहा ग्रॅम सोनं १६० रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे आईंना तीन ग्रॅम सोन्याएवढं बक्षीस मिळालं. आज तेवढ्यात दोन वडापाव येतील, चहा नाही. निधी कुणी खाल्ला नाही, फक्त कुणी वाढवला नाही. आमच्याकडे ७५ रुपये, १०१ रुपये अशी बक्षिसं डझनावारी होती. ती छापायचं प्रमाणपत्र त्याहून महाग पडायचं, मग एखाद्या वर्षी देणं राहून जायचं आणि ते राहूनच जायचं.

तुमचे तीन लाखही याच वाटेने जातील, जर सगळं व्याज वाटून टाकण्याची अट घातलीत तर. नव्वदच्या दशकात बँकेत मुदत ठेवीला अकरा-बारा टक्के मिळत होते. त्या हिशोबावर "दरवर्षी पाच हजारांचं बक्षीस" असं पन्नास हजारांत कबूल करून घेतलेले निधी मी पुढे व्याज निम्म्यावर आल्यावर कोलमडताना पाहिलेत. म्हणून दोन गोष्टी करा. बक्षिसाची रक्कम रुपयांत लिहूच नका. लिहायचं ते असं : वर्षाच्या व्याजाच्या ७० टक्के बक्षीस, ३० टक्के मुद्दलात परत. साडेसहा टक्के धरले तर तीन लाखांवर १९,५०० व्याज येतं. त्यातले १३,६५० विद्यार्थ्याला, ५,८५० मुद्दलात. असं चाललं तर साधारण ३६ वर्षांत मुद्दल दुप्पट होतं. महागाईला पुरं पडणार नाही, पण दोन वडापावांवरही येणार नाही.

विद्यापीठ की कॉलेज? विद्यापीठात मान वाढतो, पण प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे जाणार, नियमावली होणार, पदकाचा साचा ठरणार. वेळ धरून चाला. कॉलेजात प्राचार्य आणि विभागप्रमुख उत्साही असतील तर पुढच्याच वर्षी सुरू होतं. मात्र माणसं बदलली की विसरलंही जातं, हे तुम्हाला दिसलंच आहे.

खडूफळा

जुनालेजर यांना अनुमोदन. मी सतरा वर्षं पदवीला शिकवतोय, त्यामुळे अटींबद्दल बोलतो.

'प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास' एवढंच लिहून सोडू नका. पूर्वी मार्कांची बेरीज असायची, एका मार्काने पहिला-दुसरा ठरायचा. आता सीजीपीएत, म्हणजे सरासरी श्रेणीगुणांत, दोघी-तिघी बरोबरीत येतात, मग कचेरी महिनाभर पत्रव्यवहार करते. बरोबरी झाली तर मराठीच्या पेपरांचे गुण पाहा, तरीही बरोबरी राहिली तर रक्कम विभागा, हे आधीच लिहून ठेवा. एटीकेटी, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्षात गेलेली मुलगी, चालेल की नाही, तेही. माझं मत विचाराल तर चालू द्या. दुसऱ्या सत्रात बाप आजारी म्हणून एक पेपर राहिलेली मुलगी शेवटच्या वर्षी पहिली आली, तर तिला 'पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण' या अटीने का अडवायचं?

दुसरं त्रांगडं नव्या शैक्षणिक धोरणाचं. आता काही मुलं तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतील, काही चौथं वर्ष करून ऑनर्स घेतील. बक्षीस कधी द्यायचं? दोन्ही टप्प्यांवर की एकाच? आज स्पष्ट लिहिलं नाहीत तर चार वर्षांनी भांडण आहे.

आणि माणसाच्या वागण्याच्या अटी घालू नका. पुणे विद्यापीठातलं २०१७ चं शेलारमामा सुवर्णपदकाचं प्रकरण आठवत असेल. देणगीदारांच्या अटींत विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी हवा असं होतं, परिपत्रक निघालं आणि गहजब झाला. शेवटी विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. अट कागदावर वर्षानुवर्षं पडून होती, कुणी वाचलीच नव्हती. देणाऱ्याचा हेतू काही का असेना, ताटात काय आहे हे विचारणं हे परीक्षा विभागाचं काम नाही.

चेकवाली

बहिणीच्या बाजूने एक मत. मला एम. ए. ला एक पारितोषिक मिळालं होतं, कुठलं विद्यापीठ ते जाऊ द्या. समारंभात रिकामं पाकीट दिलं. रक्कम पुढे येईल म्हणाले. चौदा महिन्यांनी ७०१ रुपयांचा चेक पोस्टाने आला, तोही जुन्या पत्त्यावर फिरून, आणि त्यावरची तारीख चार महिन्यांपूर्वीची. चेक तीन महिनेच चालतो. बदलून घ्यायला जाण्या-येण्याचा खर्च ४०० रुपये होता. तो चेक अजून माझ्याकडे आहे, फ्रेम करायचा विचार आहे. तर कृपा करून नियमात लिहा की रक्कम समारंभाच्या आत विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा व्हावी.

थेम्सकाठ

जुन्या निधीत भर घालायची कल्पना मला फार आवडली. केंब्रिज विद्यापीठाचं गणितातलं स्मिथ पारितोषिक घ्या. रॉबर्ट स्मिथ १७६८ मध्ये वारले, मृत्युपत्रात साउथ सी कंपनीचे साडेतीन हजार पौंडांचे रोखे ठेवून गेले, दरवर्षी दोन बक्षिसं द्या म्हणून. सुरुवातीला त्यासाठी वेगळी परीक्षा असे, १८८५ पासून निबंध मागवू लागले. बक्षीस टिकलं ते नियम बदलायची मुभा होती म्हणून. आपल्या जयंत नारळीकरांना १९६२ मध्ये हेच मिळालं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पैशातून कोल्हापुरात जन्मलेल्या मुलाला बक्षीस! त्या बक्षिसाचं नाव बदलून दर पिढीने आपापल्या आईवडिलांचं लावलं असतं तर आज कुणाला ठाऊक असतं?

सुवर्णमुलामा

लांब कशाला जाता, आपली जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती बघा की. नानांच्या निधनानंतर सुरू झालेली. ती शालान्त परीक्षेची, पदवीची नाही, मान्य. पण १९१२ साली मॅट्रिकला ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली हे आजही सांगितलं जातं. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तरी आमच्या संस्कृतच्या बाई त्यांची ओळख 'शंकरशेट स्कॉलर' अशीच करून द्यायच्या. रक्कम किती होती, हे कुणी विचारलं नाही.

ताळेबंदे

कराचं थोडक्यात. संस्थेला देणगीवर करवजावट देणारी मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० जी) असेल तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर वजावट गेली, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच द्या.

देणगीच्या पत्रात 'ही रक्कम कायमनिधीसाठी आहे, मुद्दल खर्च करू नये' हे वाक्य हवंच. ते नसेल तर संस्था ती वर्षाची मिळकत म्हणून धरेल, आणि धर्मादाय संस्थेला करसवलत टिकवायला मिळकतीच्या ८५ टक्के खर्च दाखवावा लागतो. म्हणजे तुमचे तीन लाख मार्चच्या आत रंगकामात जातील. चेष्टा नाही, पाहिलंय.

भावाचं पारपत्र कुठलं? भारतीय असेल तर अडचण नाही. अमेरिकन नागरिक असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. 'मी तुझ्या खात्यावर पाठवतो, तू दे' ही पळवाट काढू नका.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार. भाऊ अजून भारतीय नागरिक आहे, ती एक काळजी मिटली. चेकवाली, तुमचा किस्सा बहिणीला वाचून दाखवला, ती दिवसभर हसतेय आणि चिडतेय.

काल कॉलेजात जाऊन आलो. क्लार्कने कपाटातून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. जुनालेजर काका, मुद्दल खरंच १५०० आहे! दानपत्राची टंकलिखित प्रत आत टाचलेली होती. १९५४ साली एका वकिलांनी पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले. अट एकच, 'बी. ए. परीक्षेत मराठी विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थिनीस'. वारसांचा पत्ता नाही. मग वर्षावार नावं, प्रत्येकीपुढे घेतलेल्या पुस्तकाचं नाव आणि सही. १९६८ च्या ओळीत आईची सही, माहेरच्या आडनावाची. ती सही आम्ही तिघांनीही कधी पाहिली नव्हती. २००९ नंतरची पानं कोरी.

फोटो पाठवल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पदकाचं राहू दे.

आता अडतंय ते नावावर. बहिणीला आईचं नाव हवंच आहे, मला त्या बाईंचं काढायचं नाही. शिवाय कोऱ्या वर्षांचं साठलेलं व्याज आहे, त्याचं काय करायचं?

जुनालेजर

नाव जोडता येतं. 'कै. सौ. अमुक स्मृती पारितोषिक (तुमच्या आईंच्या स्मरणार्थ वर्धित निधी)' अशी नोंद आम्ही केलेली आहे. मूळ अट तशीच राहते, म्हणून मुलगीच हवी हेही आपोआप राहिलं. साठलेलं व्याज मुद्दलात घालायला सांगा. मागच्या वर्षांची बक्षिसं आता वाटायला गेलात तर त्या मुली शोधण्यातच दोन वर्षं जातील. प्राचार्यांना पत्र द्या, संस्थेच्या नियामक मंडळाचा ठराव करून घ्या आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. ती प्रत सगळ्यात महत्त्वाची. 'काळानुरूप तपशील बदलण्याचा अधिकार मंडळास राहील, मात्र निधीचा उद्देश बदलता येणार नाही' हे एक वाक्य ठरावात हवं.

खडूफळा

आणि निकाल लागला की विभागप्रमुखांना फोन करायचं काम तिघांपैकी एकाने अंगावर घ्या. दरवर्षी. संस्था विसरतात, विचारणारा असला की त्यांना आठवतं.

कोरीपाटी

तो फोन बहीण करणार, तिने आजच मोबाइलमध्ये गजर लावून ठेवलाय. सोमवारी पत्र देतो. निम्मी रक्कम पुस्तकांची, मुलीने स्वतः निवडलेल्या, आणि निम्मी खात्यावर, असं ठरलंय. पुस्तकांवर तसंच छापील लेबल चिकटवायचं, ही भावाची अट. पुण्यात अजून कुणी खिळ्यांच्या छपाईची लेबलं छापून देतं का? शंभरेक हवी आहेत. माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.