पश्चिमेकडचे स्वयंपाकघर उन्हाळ्यात थंड कसे ठेवावे?

प्रश्न: आमचे घर नागपुरात शेवटच्या मजल्यावर असून स्वयंपाकघराची एकमेव खिडकी पश्चिमेला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की संध्याकाळी पोळ्या करताना ओट्यापाशी उभे राहवत नाही. एक्झॉस्ट पंखा दार लावून चालवतो, तरी फरक जाणवत नाही. काय करावे?

उत्तर १: दार लावणे हीच खरी अडचण आहे. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच आत यायला हवी; ती वाट बंद असेल तर तो नुसता आवाज करतो. मात्र खिडकी पंख्याच्या शेजारीच असेल तर ती बंद ठेवून समोरचे दार उघडावे, नाहीतर खिडकीतून आलेली हवा शेगडीपर्यंत न पोहोचताच निघून जाते. पात्यांवरचा तेलकट थरही काढावा.

उत्तर २: विदर्भाची हवा कोरडी असल्याने बैठकीतल्या कूलरची हवा हाच पंखा स्वयंपाकघरात ओढून घेईल. (आम्ही मुंबईत हा प्रयोग केला, दमट हवेत केवळ चिकचिक वाढली.) गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावावा, कारण आतला पडदा काचेतून आधीच आत आलेली उष्णता अडवू शकत नाही.

प्रश्नकर्ता: खिडकी पंख्याला लागूनच आहे. आज दार उघडे ठेवून पाहतो.