बेकारीचा दर शून्य : व्यवस्थेचं यश की मोजणीची करामत?

त्रैराशिक
समाजवादाची बाजू मांडताना हा मुद्दा हमखास येतो : १९३३ साली अमेरिकेत साधारण दर चार कामगारांमागे एक बेकार होता आणि त्याच वेळी सोव्हिएत संघात बेकारी शून्य होती. माझ्या मते ही तुलनाच बाद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत बेकार ठरायला तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात : पाहणीच्या आठवड्यात एक ताससुद्धा मोबदल्याचं काम न करणं, मिळालं तर रुजू व्हायची तयारी असणं आणि नजीकच्या काळात प्रत्यक्ष शोध घेतलेला असणं. सोव्हिएत सरकारने १९३० साली बेकारी संपल्याचं जाहीर करून बेकारभत्ताच बंद केला; मग बेकार मोजणार कोण? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

खुरपं
जाहीरनामा बाजूला ठेवा. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत खेड्यांतून आलेले लाखो लोक कारखान्यांत खरंच कामाला लागले, हे नाकारणार आहात? आणि मंदीतली बेकारी हा काही अपघात नव्हे. पोलिश अर्थतज्ज्ञ कालेत्स्कीने १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की पूर्ण रोजगार टिकला तर ‘काढून टाकीन’ या धमकीत दम उरत नाही, म्हणून मालकवर्ग त्याला विरोध करतो. बेकारांची रांग भांडवलशाहीला लागतेच.

त्रैराशिक
कामाला लागले, मान्य. पण किती कामाला? सोव्हिएत कारखान्याचा वेतननिधी, म्हणजे पगारासाठी मिळणारा पैसा, मंजूर माणसांच्या संख्येवर ठरायचा. दिवाळं निघायची भीती नाही. कच्चा माल उशिरा येणार आणि महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत लक्ष्य गाठायची धावपळ होणार, हे ठरलेलं. मग व्यवस्थापक जादा माणसं धरून ठेवणारच. हंगेरियन अर्थतज्ज्ञ कोर्नाईचा ‘मऊ अर्थसंकल्प’ (तोटा झाला तरी सरकार भरून देणार) तो हाच.

१९६७ चा श्चेकिनो प्रयोग बघा. त्या रासायनिक कारखान्याला सांगितलं : माणसं कमी करा, वेतननिधी तेवढाच राहील, वाचलेल्या पैशातून उरलेल्यांना वाढ द्या. शेकडो जागा कमी झाल्या आणि उत्पादन वाढलं. इतरत्र मात्र योजना रुतली, कारण बचत दिसली की वरची मंत्रालयं पुढच्या खेपेला निधी कापायची. एकदा फटका बसल्यावर कोण पुन्हा माणसं कमी करील?

जमाखर्च
दोघेही टक्केवारीवर भांडताय, छेद कोणी बघत नाही. १००० प्रौढ धरा. ५७० कामावर, ३० शोधात. दर = ३० ÷ ६०० = ५ टक्के. आता त्या तीसांपैकी १२ जण कंटाळून शोध सोडतात. दर = १८ ÷ ५८८, म्हणजे जेमतेम ३.१ टक्के. नोकरी एकही वाढली नाही आणि मंत्री पेढे वाटायला मोकळे. प्रौढांमागे रोजगाराचं प्रमाण दोन्ही वेळा ५७ टक्केच. म्हणून ते आधी बघावं.

दुसरं, तास. त्या ५७० पैकी ४० जणांना आठवड्याला ४० तास हवेत, मिळतात १०. म्हणजे १२०० तास कमी, पूर्णवेळ ३० नोकऱ्यांइतके. उघड बेकारीएवढीच दडलेली बेकारी! अमेरिकेत यासाठीच मुख्य दर ‘यू-३’ आणि शोध सोडलेले, नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे यांना धरणारा ‘यू-६’ असे वेगळे आकडे निघतात.

आणि व्यवस्थेच्या नावावरून काहीच ठरत नाही. समाजवादी युगोस्लाव्हियात १९८० च्या दशकात उघड बेकारी दहा टक्क्यांच्या वर होती. भांडवलशाही स्वीडनमध्ये १९९० साली दोनच्या आत होती, १९९३ मध्ये आठच्या पुढे गेली. स्पेन २०१३ मध्ये २६ वर!

खुरपं
युगोस्लाव्हियात केंद्रीय नियोजन कुठे होतं? तिथे कामगार-परिषदा (कारखाना चालवणाऱ्या कामगारांच्याच समित्या) बाजारात स्पर्धा करत होत्या.

त्रैराशिक
म्हणजे बेकारी दिसली की बाजाराचा दोष आणि झाकली गेली की समाजवादाचं श्रेय? बरं आहे! सोव्हिएत संघातही नोकरी बदलताना माणसं काही आठवडे रिकामी असायचीच. मोजणारं कोणी नव्हतं एवढंच. उलट काम न करणाऱ्याला ‘परजीवी’ ठरवून शिक्षा व्हायची. कवी ब्रॉड्स्कीला १९६४ मध्ये त्याच कलमाखाली पाच वर्षं सुनावली होती.

खुरपं
ती दडपशाही होती, वाद नाही. पण तुमच्या कारखान्यातल्या जादा माणसाला पगार मिळत होता, बहुतेकदा घर आणि पाळणाघरही त्याच कारखान्याकडून. मंदीत काढलेल्याला काय मिळतं? उत्पादकता तुम्ही मोजता, नोकरी गेल्यावरचे हाल कोण मोजतो?

जमाखर्च
हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर दरात नसतं. बारा महिन्यांहून जास्त काळ बेकार असलेल्यांचा तक्ता काढा आणि शेजारी रिकाम्या जागांचा तक्ता ठेवा. मंदीत बेकार भरपूर, जागा थोड्या. सोव्हिएत उत्तरकाळात उलटं : जागा रिकाम्या, माणसं मिळत नाहीत आणि त्याच कारखान्यात निम्मा महिना यंत्रं मालाची वाट बघत बंद. त्रैराशिक म्हणतात ती साठवलेली माणसं इथे दिसतात. खुरपं म्हणतात तो पगारही इथेच दिसतो, फक्त तो घेऊन दुकानात गेल्यावर माल नसायचा.