बोटात काटा रुतला, मग गाठ काखेत का आली?

प्रश्न
चार दिवसांपूर्वी माझ्या बोटात काटा रुतला. तो लगेच काढला, तरी दुसऱ्या दिवशी बोट लाल होऊन ठणकू लागले, नंतर तिथे पू धरला आणि आज त्याच हाताच्या काखेत दाबल्यावर दुखणारी गाठ लागते आहे. घरातील मोठी माणसे याला अवधाण म्हणतात. डॉक्टरांचे औषध सुरू आहे. जंतू बोटातून काखेपर्यंत चढले, असा याचा अर्थ होतो का?

प्रतिसाद १
आधी बोटाविषयी लिहितो. काट्याबरोबर जंतू त्वचेखाली गेले की तिथे मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना ओळखतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली व उष्णता येते. त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, म्हणून सूज येते. त्याच वाटेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. आपण ज्याला पू म्हणतो, तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचाच असतो. 1882 साली प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात, म्हणजे पिल्लावस्थेतील जिवात, काटे टोचले, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. तुमच्या बोटात तेच घडले आहे.

प्रतिसाद २
काखेतील गाठ ही नवी उगवलेली नाही. ती तिथे आधीपासून असलेली लसिकाग्रंथी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींचे ठाणे, आहे. बोटातील डेंड्रायटिक नावाच्या पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, तिथे पोहोचतात आणि ते टी पेशी या पांढऱ्या पेशींना दाखवतात. प्रत्येक टी पेशीचा आणि बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीचा ग्राहक, म्हणजे जंतूचा तुकडा ओळखणारा पृष्ठभागावरचा रेणू, वेगळा असतो आणि तो जंतू येण्यापूर्वीच घडलेला असतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते. लाखो पेशींतून ज्या थोड्या पेशींचा ग्राहक त्या तुकड्याशी जुळतो, त्याच भराभर विभागू लागतात. या वाढीला काही दिवस लागतात, म्हणून ग्रंथी बोटानंतर सुजते. काही वेळा जंतू स्वतःही तिथवर येतात हे खरे, पण गाठ आली म्हणजे ते आलेच, असे नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. म्हणजे पुढच्या वेळी काटा रुतला तर शरीर आधीच तयार असेल का?

प्रतिसाद २
त्याच जंतूपुरती थोडीफार तयारी असू शकते, कारण जुळलेल्या टी व बी पेशींपैकी काही तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. परंतु काट्यांच्या बाबतीत धनुर्वात हा मोठा अपवाद आहे. त्याचे विष इतके तीव्र असते की जीव घेऊ शकणारी मात्राही प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी पडते. म्हणून तो आजार होऊन गेलेल्यालाही लस द्यावीच लागते. लशीत तेच विष निरुपद्रवी करून पुरेशा प्रमाणात दिलेले असते. तुमची या लशीची शेवटची मात्रा कधी झाली, हे डॉक्टरांना अवश्य सांगा, आणि बोटापासून वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी पुन्हा दाखवा.