आयएसएलच्या आधी भारतात फुटबॉलची लीग नव्हती म्हणे!

कूपरेजकर: शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, '2014 ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, त्याच्या आधी लीग कसली, कंपन्यांच्या टीमा टाइमपास करायच्या.' तिथे चार ओळींत भागेना म्हणून हा वेगळा धागा. नॅशनल लीग 1996 ला सुरू झाली, पहिली पंजाबच्या जेसीटी मिलच्या टीमने मारली. 2007 ला तिची आय-लीग झाली. 2005-06 ला महिंद्रा युनायटेड चॅम्पियन होती, तेव्हा मी वडिलांबरोबर मुंबईच्या कूपरेज मैदानावर जायचो. त्याला टाइमपास म्हणायचं? डिसेंबर 2010 मध्ये फुटबॉल फेडरेशनने 15 वर्षांचे व्यावसायिक हक्क 700 कोटींना रिलायन्स-आयएमजीला देऊन टाकले, त्यांनीच पुढे आयएसएल काढली. तिथून आय-लीग सावत्र झाली.

निळी_जर्सी: तो 'एकाने' म्हणजे मीच. चुकलं काय? महिंद्रा 2010 ला बंद, जेसीटी 2011 ला. साहेबाचा मूड गेला की टीम गेली. लीग अशी असते?

कूपरेजकर: आणि तुमच्या आयएसएलमधली एफसी पुणे सिटी? 2019 ला गाशा गुंडाळला, जागा हैदराबादला. तिथे कुणाचा मूड गेला?

निळी_जर्सी: बरं, पुण्याचं मान्य. पण डेल पिएरो, पिरेससारखे वर्ल्ड कप जिंकलेले खेळाडू आपल्या मैदानांवर खेळले ते कुणामुळे?

फोंडेकर: निवृत्तीच्या वाटेवर फिरायला आले होते रे ते. पहिल्या वर्षी अकरात सहा परदेशी चालायचे, आपल्या पोरांनी काय बाकावर बसून शिकायचं? आमच्या गोव्याच्या धेंपोने नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली, कारण नव्या आराखड्यात ती खालच्या पायरीवर ढकलली होती. माझा काका त्यानंतर फातोर्ड्याच्या स्टेडियमकडे फिरकला नाही. आयएसएलच्या एफसी गोवाचं नाव काढलं की टीव्ही बंद करतो.

निळी_जर्सी: रुसून निघून गेले, दुसरं काय. खेळून दाखवायचं होतं.

फोंडेकर: मिझोरामच्या आयझॉलने दाखवलं की खेळून! 2016 ला खाली घसरलेली टीम. आमचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतली आणि 2016-17 ची आय-लीग जिंकून मोकळी. बक्षीस काय? त्याच वर्षी आयएसएलमध्ये बेंगळुरू आणि जमशेदपूर आले, बोली लावून. चॅम्पियन बाहेर उभा.

रंकाळा_10: तुमचं चालू द्या. पण आमच्या कोल्हापुरात यातलं काहीच नसताना शाहू स्टेडियम भरतंय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या टीमा. फ्रँचायझी नाही, लिलाव नाही. तालमीची पोरं आणि पेठेची इज्जत.

निळी_जर्सी: आणि मॅच संपली की दगडफेक. तेही सांगा.

रंकाळा_10: भावा, कधीतरी होतंय, नाकारत नाही. पण अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला खेळला, तो कुठला? कोल्हापूरचाच. मी स्वतः एका मोठ्या अकादमीच्या ट्रायलला गेलोय. रात्रभर एसटीत बसून पोचलो, दहा मिनिटं खेळवलं आणि 'उंची कमी' म्हणून परत. हे तुमचं प्रोफेशनल!

कूपरेजकर: तालमीतला मुलगा वर चढणार कसा, हाच तर मुद्दा. आय-लीग जिंकून पंजाब 2023 ला आयएसएलमध्ये वर आली, मोहामेडन 2024 ला. आयएसएल सुरू झाल्यावर दाराची कडी काढायला नऊ वर्षं! आणि 2025 पर्यंत वरून एकही टीम घसरून खाली आली नव्हती.

निळी_जर्सी: प्रमोशनवाल्यांना फ्रँचायझी फी माफ केली, तेवढं तरी चांगलं म्हणा.

कूपरेजकर: म्हटलं. खूश?

पेठकरी: रंकाळा, खंडोबाचं नाव पाटाकडीलच्या मागे का?

रंकाळा_10: आलं! आता उद्या सकाळपर्यंत हेच.

कूपरेजकर: धागा आय-लीगचा आहे हो...

पेठकरी: असू दे की. आधी क्रमाचं मिटवा.