बायोफीडबॅकवर चालणारे संगणक खेळ सायकोसिसच्या रुग्णांना द्यावेत का?

मागवाला:
सोलापुरात धागा काढणे हा पिढीजात धंदा असला, तरी असा चर्चेचा धागा मी प्रथमच काढत आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, खोटे संशय पक्के वाटणे अशा सायकोसिस प्रकारातला आजार. गोळ्यांनी त्याचे आवाज बरेच उतरले, तरी कारखान्यात माग सुरू झाले की त्या खडखडाटातूनच कोणीतरी आपल्याला शिव्या घालत आहे असे त्याला अजूनही ऐकू येते, छाती धडधडू लागते, आणि तो मुकादमाला न सांगताच निघून येतो. मग दोन-तीन दिवस घराबाहेर पडत नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या निन्जा थिअरी या कंपनीने तेथील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांच्या सल्ल्याने 2017 मध्ये ‘हेलब्लेड’ हा खेळ काढला; त्यातील नायिकेला असेच आवाज ऐकू येतात. 2019 मध्ये त्याच मंडळींनी ‘इनसाइट प्रोजेक्ट’ जाहीर केला. त्यामागची, म्हणजे बायोफीडबॅकची, कल्पना अशी, की भीतीने शरीरात होणारे बदल यंत्राने टिपावेत, खेळातील प्रसंग त्यानुसार बदलावेत, आणि आपली भीती आपणच आवरण्याचा सराव रुग्णाला खेळता खेळता व्हावा. याने आवाज बंद होणार नाहीत, हे मला समजते. परंतु आवाज आल्यावर भाऊ पाच मिनिटे मागापाशी टिकला, तरी आमच्या घरी ते पुष्कळ आहे. म्हणून असे खेळ इथेही यावेत, असे माझे मत आहे.

निवृत्त सिस्टर:
मागवाला भाऊ, आपली तळमळ कळते, तरीही मी विरोधातच लिहिणार आहे. माझी बरीचशी नोकरी मनोविकार विभागात झाली. आपल्या मनातले दुसऱ्याला कळते, कोणीतरी आपल्याला दुरून चालवत आहे, असे ज्याला आजारामुळे ठामपणे वाटते, त्याच्याच मनगटाला पट्टा बांधून “तुमची भीती यंत्राला कळते” असे सांगणे म्हणजे त्याच्या संशयाला आपणच पुरावा पुरवणे होय. रक्तदाबाचा पट्टा पाहून हात ओढून घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

दुसरे असे, की यंत्र जे मोजते ती भीतीच असते असे नाही. या आजारावरचे क्लोझापीन हे औषध घेणाऱ्या अनेकांच्या हृदयाचे ठोके नुसते बसले असतानाही जलद पडतात, तर काही गोळ्यांमुळे घाम कमी येतो. त्यातून त्वचेच्या ओलाव्यावरून ताण ओळखणारे उपकरण मे महिन्यात, पारा 42 च्या वर गेलेला असताना, सोलापुरात काय ओळखणार? (त्या दिवसांत इथे सगळेच रुग्ण ठरतील.) माणूस शांत बसला असूनही पडद्यावर वादळ उठतच राहिले, तर त्याने काय समजायचे? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेले सुमारे 74 टक्के लोक उपचारांच्या बाहेर असल्याचे दिसले होते. त्यांच्यापर्यंत आधी गोळी तरी पोहोचू द्या.

जुळे सोलापूर:
सिस्टर, गोळ्यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर तोडगा निघतो. प्रत्येकाचे माप त्याच्या स्वतःच्या निवांत अवस्थेवरून ठरवावे, आणि घामाऐवजी श्वास मोजावा. ठोके हुकमाने कमी होत नाहीत, श्वास मात्र मिनिटाला सुमारे 6 इतका संथ करता येतो, आणि तेवढ्याने बहुतेकांचे शरीर सैलावते. शिवाय सायकोसिसमध्ये पडद्यावरचा उपचार चालतच नाही, असेही नाही. ऐकू येणाऱ्या आवाजाला संगणकावर चेहरा देऊन रुग्णाने त्याच्याशी बोलायचे, अशा उपचाराची 150 रुग्णांवरील चाचणी लंडनमध्ये झाली व ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांनंतर त्या रुग्णांचा आवाजांचा त्रास समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेला होता.

निवृत्त सिस्टर:
24 आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, हेही लिहायला हवे होते. शिवाय तिथे त्या चेहऱ्याच्या तोंडून प्रशिक्षित उपचारक बोलत होता, ठोके मोजणारे यंत्र नव्हते. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये.

कंबर तलाव:
एवढा खटाटोप कशासाठी? प्राणायाम फुकट आहे. सकाळी तलावावर या.

पूर्वभागकर:
काका, मला स्वतःला 14 वर्षे आवाज ऐकू येतात, म्हणून लिहितो. डोळे मिटून स्वस्थ बसलो की माझे आवाज वाढतात, आणि हाताला व डोळ्यांना काम असले की कमी होतात. त्यामुळे प्राणायामापेक्षा खेळ मला जमण्यासारखा वाटतो. मात्र माझे आवाज तेलुगूत बोलतात, कधी आजीसारखे, कधी जुन्या शेठसारखे. इंग्रजी कुजबुज ऐकून माझी छाती धडधडणारच नाही, मग आवरायचे काय? खेळ आमच्या भाषांत करावा लागेल.

सिस्टर, पट्ट्याचे मला भय वाटत नाही. त्यातून निघणारे आकडे कोण पाहणार, याचे वाटते. घरच्यांना माझा आलेख दिसू लागला, तर “आज गोळी चुकवलीस का” हे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागेल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण आमच्या दोन खोल्यांत तो कुठे मावणार? पट्टा मीच बांधणार, मीच काढणार आणि आकडे माझी परवानगी असेल त्यालाच दिसणार असतील, तर मी खेळेन.

मागवाला:
सगळे प्रतिसाद काल रात्री भावाला वाचून दाखवले. खरे तर धागा काढण्याआधीच त्याला विचारायला हवे होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि हरलो तर ते आवाज हसतील, त्याचे काय?” सिस्टर, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

निवृत्त सिस्टर:
पुढच्या तारखेला त्याला ओपीडीत सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यालाच विचारू द्या. माझा विरोध कायम आहे. हार-जीत नसलेला खेळ कोणी तयार केला, आणि शेजारी ओळखीचे माणूस बसवून तो खेळता आला, तर पुन्हा बोलू.