सैनिकाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला स्वतःच्या नावाने भत्ता मिळावा का?

मूळ मांडणी: हवालदाराची मुलगी, अमळनेर तालुका

माझे वडील सैन्यात हवालदार होते. १९९५ मध्ये कामावर असताना डोंगरी रस्त्यावर त्यांची गाडी उलटली, मणक्याला मार बसला, आणि दोन वर्षांनी मेडिकल बोर्डाने साठ टक्के अपंगत्व लिहून त्यांना घरी पाठवले. पेन्शनच्या हिशेबात पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांमधले अपंगत्व पंचाहत्तर टक्के धरले जाते, त्यामुळे सेवेच्या पेन्शनबरोबर अपंगत्वाचा भागही मिळत गेला आणि त्यावर आम्ही तिघे भावंडे शिकलो. त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. २०१४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणे जवळजवळ थांबले, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे काही आई करते.

सगळे काही म्हणजे काय, ते सांगते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. त्यांच्या अंगाखाली आईने जुन्या नऊवारीची चौपदरी घडी घातलेली असते. एक गुडघा खाटेवर टेकवून ती घडी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढते आणि वडील कुशीवर वळतात. हे तिला कोणी शिकवलेले नाही. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून ती चमच्याने भरवते, आणि भरवताना डाव्या हाताने त्यांची मान पुढे धरते, कारण मान मागे गेली की ठसका लागतो. आई आता त्रेसष्ट वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. बाई ठेवू या असे भावाने म्हटले की तिचे उत्तर ठरलेले असते: "मन्हा हात चालतस तोवर मी करसू."

माजी सैनिकाला परिचारकाची गरज असेल तर त्यासाठी 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' नावाचा भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगाने तो दरमहा ४५०० वरून ६७५० रुपये केला आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की तो पंचवीस टक्क्यांनी वाढेल अशी तरतूदही केली. परंतु तो सैन्यातल्या सेवेमुळे आलेले अपंगत्व शंभर टक्के असेल आणि बोर्डाने शिफारस केली असेल तरच मिळतो. माझ्या वडिलांच्या कागदावर साठ टक्के आहेत. पक्षाघात सेवेमुळे आलेला नाही म्हणून तो त्या हिशेबात येत नाही. कागदावर साठ टक्के अपंग असलेला हा माणूस स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही उचलू शकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. शेवटचा पगार शंभर रुपये धरला, तर आज घरात सेवेचे पन्नास आणि अपंगत्वाचे साडेबावीस येतात. वडील या आजाराने गेले तर आईला साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, म्हणजे तीस. वाढीव दराने पन्नास टक्के मिळण्याची सोय आहे, पण ती मृत्यूनंतर सात वर्षे किंवा निवृत्तिवेतनधारकाला सदुसष्ट वर्षे पूर्ण झाली असती तोपर्यंत, यांतील जे आधी येईल तेवढीच, आणि वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत. अकरा वर्षे जिने रात्री झोप घेतली नाही तिच्या नावावर आजही काही नाही आणि उद्या निम्म्याहून कमी येणार आहे.

माझी मागणी अशी की जो कुटुंबीय सैनिकाची पूर्ण वेळ सेवा करतो त्याला त्याच्या स्वतःच्या खात्यात दरमहा भत्ता मिळावा. अमेरिकेने २०१० मध्ये यासाठी कायदा केला. तिथे सत्तर टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाची सेवा करणाऱ्या कुटुंबीयाला थेट मानधन मिळते, प्रशिक्षण मिळते, आणि वर्षात किमान तीस दिवस त्याच्या जागी दुसऱ्या माणसाची सोय केली जाते.

निवृत्त सुभेदार, चाळीसगाव

ताई, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. तरीही मी आपल्या मागणीच्या विरोधात आहे आणि त्याची कारणे स्पष्ट मांडतो.

सेवेमुळे आलेले अपंगत्व आणि वयामुळे आलेला आजार यांतील रेषा सैनिकाच्याच हिताची आहे. सरकार शंभर टक्के जबाबदारी घेते ती या रेषेमुळे. युद्धात किंवा कारवाईत जवान गेला तर त्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराएवढे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, सेवेशी संबंधित कारणाने गेला तर साठ टक्के, अन्य कारणाने तीस टक्के. ही उतरंड कठोर वाटते, पण तिला अर्थ आहे. पक्षाघात, मधुमेह, स्मृतिभ्रंश हे सगळे एकाच भत्त्यात घेतले तर खर्च फुगेल, मग कात्री लागेल, आणि ती ज्याचे दोन्ही पाय सुरुंगात गेले त्यालाही लागेल. आपण अमेरिकेचे उदाहरण दिले, म्हणून सांगतो: तिथे २०२० च्या नव्या नियमांनंतर जुन्या लाभार्थ्यांची फेरतपासणी सुरू झाली, अनेक कुटुंबे अपात्र ठरू लागली, आणि २०२२ मध्ये सरकारला ती गळती थांबवावी लागली.

शिवाय आहे तेच आपल्या भागात पोहोचत नाही. ज्यांना पेन्शन नाही अशा पासष्ट वर्षांवरील हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा ४००० रुपये मिळत होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते ८००० झाले. मुलांच्या शिक्षणाचे दरमहा १००० होते ते २००० झाले, मुलीच्या लग्नाचे ५० हजार होते ते १ लाख झाले. सातारा-कोल्हापूरकडे घरटी सैनिक, त्यामुळे तिकडे पारावर बसूनही या गोष्टी कळतात. खानदेशात दोन-चार गावांत मिळून एक माजी सैनिक असतो आणि त्याची विधवा शेजारणीला विचारूनही काही समजू शकत नाही. माझे मत असे की नवा भत्ता मागण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस वर्षातून एकदा प्रत्येक घरी गेला पाहिजे.

कापूस उत्पादक, शिंदखेडा

मी सैनिक नाही, माझ्या घरातही कोणी नाही. सैनिकाबद्दल आदर आहे, तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्या चुलत भावाने कर्जापायी जीव दिला. वहिनींना सरकारकडून एक लाख मिळाले, त्यांतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. घरी अंथरुणाला खिळलेला सासरा आहे, आणि त्याची कूसही त्याच बदलतात, अगदी ताईंनी लिहिले तशीच. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १५०० रुपये येतात, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम. सेवेचे मोल द्यायचे असेल तर ते सेवेचे असावे. खाटेवर कोण आहे ते पाहून का ठरावे?

मूळ लेखिका

भाऊ, आपल्या वहिनींना मिळते ते फार कमी आहे, हे मी बिनशर्त मान्य करते. सैनिकाच्या घरासाठी मागताना त्यांच्या वाट्याचे मागावे असे माझ्या मनात येणारही नाही. परंतु सैन्य हा मालक आहे, आणि ज्या शरीराला त्याने बावीस हजार फुटांवर, वाळवंटात आणि बंकरमध्ये वापरले त्या शरीराची म्हातारपणची जबाबदारी मालकाने काही अंशी तरी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. मणक्याचे दुखणे नसते तर वडील चालते-फिरते राहिले असते आणि पक्षाघातानंतर व्यायामाने थोडे सावरले असते, असे डॉक्टर आम्हाला तोंडी सांगत आले आहेत. बोर्डाच्या कागदावर हा संबंध मांडायला जागाच नाही. सुभेदारसाहेब, आपली रेषा कागदावर सरळ दिसते. माणसाच्या शरीरात ती तशी नसते.

वीरपत्नी आणि शिक्षिका, साक्री

मीही विरोधातच लिहिते आहे, पण सुभेदारसाहेबांच्या कारणासाठी नाही.

माझे यजमान सेवेत असताना गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आज मी ज्यांची सेवा करते त्या माझ्या सासूबाई आहेत, एका जवानाची आई. निवृत्तिवेतन माझ्या नावावर येते, त्यांच्या नावावर काही येत नाही. पत्नी किंवा मुले असतील तर आईवडिलांचा क्रम लागत नाही. सियाचीनमध्ये शहीद झालेले कॅप्टन अंशुमान सिंह यांच्या आईवडिलांनी जुलै २०२४ मध्ये निकटच्या नातलगाचा, म्हणजे जवानामागे लाभ कोणाला द्यायचे ते ठरवणारा, नियम बदलावा अशी मागणी केली, तेव्हा घराघरांत सून विरुद्ध सासू असा वाद रंगला. मला त्या वादात कोणाचीही बाजू घ्यायची नाही. माझ्या सासूबाईंना औषधासाठी माझ्याकडे हात पसरावा लागू नये, एवढे मात्र मला मनापासून वाटते, आणि मी चांगली वागते की नाही यावर ते अवलंबून असू नये.

आता ताईंच्या मागणीविषयी. बाईच्या नावाने सेवेचा भत्ता सुरू झाला की घरातले लोक काय म्हणतील ते मी आजच सांगते: "तुला त्याचे पैसे मिळतात ना, मग तूच कर." दुसरा कोणी हात लावणार नाही. सरकारचा पैसा बाईकडे येतो तेव्हा अनेकदा तिच्या आयुष्यावर एक अट घेऊन येतो. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुन्हा लग्न केले तर बंद होत असे, मात्र तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर चालू राहत असे. ही दिराची अट संरक्षण मंत्रालयाने काढून टाकली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे त्या एका ओळीपायी काय झाले ते मी पाहिले आहे. तिच्या घरी दीर तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि दोघांनाही कोणी विचारले नाही. म्हणून मी म्हणते, आईला खाटेशी बांधणारा पैसा नको. तिला खाटेपासून उठता येईल अशी सोय हवी.

निवृत्त सुभेदार, चाळीसगाव

शिक्षिकाबाईंनी लिहिलेले मी दोनदा वाचले. भत्त्याला माझा विरोध कायम आहे. परंतु सोय हवी या म्हणण्याला मी पूर्ण पाठिंबा देतो. मणक्याच्या जखमेने कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पुण्याला खडकीत पॅराप्लेजिक केंद्र आहे. तिथे एका सहकाऱ्याला भेटायला गेलो तेव्हा पाहिले की उचलणे, वळवणे, अंग पुसणे ही कामे शिकलेली माणसे पाळीपाळीने करतात, आणि कोणा एकाची कंबर त्यात मोडत नाही. जळगाव किंवा धुळ्यात चार-सहा खाटांची अशी जागा असावी, जिथे घरच्यांनी वर्षातून महिनाभर रुग्णाला ठेवावे आणि स्वतः विश्रांती घ्यावी किंवा स्वतःवर उपचार करून घ्यावेत. माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे. तिच्यात हे बसवता येईल, आणि त्यासाठी अपंगत्वाची टक्केवारी विचारण्याचेही कारण नाही.

मूळ लेखिका

बाई, आपल्या म्हणण्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. "तूच कर" हे आमच्या घरात पैसे न मिळताही बोलले गेले आहे, हेही खरे सांगते. तरीही मी मागणी सोडत नाही, तिच्यात बदल करते. भत्ता कुटुंबाच्या निवडीने मिळावा: घरचा माणूस सेवा करणार असेल तर त्याच्या खात्यात, बाहेरचा परिचारक ठेवला तर त्याच्या पगारापोटी, आणि ही निवड दरवर्षी बदलता यावी. सुभेदारसाहेबांनी सुचवलेल्या खाटा त्याबरोबर हव्यात, त्याऐवजी नकोत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आईला दीड महिना लागेल असे सांगितले आहे आणि ती चार वर्षे टाळते आहे, कारण त्या दीड महिन्यात वडिलांकडे कोण पाहील हे आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही ठामपणे सांगता आलेले नाही.

सेवा केंद्र चालक, पारोळा

वादात मला पडायचे नाही, रोज जे पाहतो ते लिहितो. सैन्याची पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला काढायला माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा माझ्याकडे येतात. नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा महिना. बोंडाच्या टोकांनी बायांची बोटे चिरलेली असतात आणि अंगठा यंत्रावर उमटत नाही. मी कोमट पाण्याने हात धुवायला सांगतो, खोबरेल लावतो, पुसतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि तरीही जमले नाही तर चेहऱ्याने पडताळणी करतो.

त्याहून मोठी अडचण नावाची आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. जवानाने पलटणीत लग्नाचे नाव नोंदवलेले असते, आधार कार्डावर माहेरचे असते, आणि तो गेल्यावर ही बाई तीच बाई आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात. तेवढे महिने पेन्शन अडते. जवान हयात असताना त्याच्याच अर्जावर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सैन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवला तर दुरुस्ती पुष्कळ सोपी होते. ताई, तुमच्या वडिलांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचे नाव आणि जन्मतारीख काय आहे ते आज पाहून घ्या.

मूळ लेखिका

दादा, आपले वाचले आणि लगेच वडिलांची ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात आईचे लग्नातले नाव आहे, आधारवर माहेरचे आहे, आणि पीपीओवर जन्मतारखेची जागा रिकामी आहे. वडिलांचा उजवा हात चालत नाही, त्यामुळे अर्जावर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल का आणि तो कोणासमोर घ्यावा लागेल, हे कृपया कळवावे. मी सोमवारी कार्यालयात जात आहे. सुभेदारसाहेब, आपल्याला शक्य असेल तर आपणही यावे.

निवृत्त सुभेदार, चाळीसगाव

येतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार कार्डे, लग्नाचा दाखला असल्यास तो, आणि दोघांचे एकत्र छायाचित्र बरोबर ठेवा. प्रत्येकाच्या तीन प्रती काढा. छायाचित्र खाटेवर बसवून काढले तरी हरकत नाही, फक्त दोघांचे चेहरे समोरून आले पाहिजेत. अंगठ्याचे मी तिथेच विचारतो.