जॉय डिव्हिजनच्या लाइव्ह कॅसेटी: वेग चुकलाय हे कसं मोजायचं?

नेरूळ_पूर्व:
जॉय डिव्हिजन या ब्रिटिश रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांच्या १४ कॅसेटी जमल्या आहेत. सगळ्या सी-९० (९० मिनिटांच्या), प्रेक्षकांतून केलेल्या रेकॉर्डिंगच्या कॉपीवरून काढलेल्या कॉपी. तीन कॅसेटींवर 'पॅरिस ७९' एवढंच लिहिलंय, बाकी कोऱ्या. दोन कॅसेटींत आवाज चढा लागतो, गायक इयान कर्टिसच्या गळ्यातला खर्जच निघून जातो. चार कॅसेटींत टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे. डेक चालू आहे, यूएसबी ऑडिओ इंटरफेसही आहे. वेग नेमका किती कमी करायचा, हे कशावरून ठरवतात? डॉल्बी (डेकमधली टेपची सरसर कमी करणारी सोय) चालू ठेवायचं का?

खाडीकाठ_ठाणे:
आधी बुरशी. त्या चार कॅसेटी डेकमध्ये घालूच नका. बुरशी हेडवर (टेप वाचणारा भाग) आणि पिंच रोलरवर (टेप ओढणारं रबरी चाक) बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या कपाटातल्या कॅसेटींचं हेच होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून आठवडाभर ठेवा. उन्हात नको, टेप वाकडी होते. मग मास्क लावून, खिडकीजवळ बसून कोरड्या मऊ ब्रशने पावडर झाडा. खोक्याला पाच स्क्रू असतील तर रीळ काढून नव्या खोक्यात बसवा. चिकटवलेलं खोकं असेल तर शिवणीवर फोडावं लागतं. आतली फेल्टची गादी सुटलेली असेल तर आवाज दबलेला येतो, तीही बघून घ्या. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

५०_हर्ट्झ:
वेगासाठी गिटारच्या सुरावर विसंबू नका, बँड आपसांत सूर जुळवून वाजवतो, प्रमाण सुराला, म्हणजे ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. त्यापेक्षा वीज बघा. ब्रिटन आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्टेजवरच्या ॲम्प्लिफायरची घरघर १००, २००, ३०० हर्ट्झवर पडते. दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडून ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे याचा आलेख) काढा आणि ३००च्या आसपासची रेष शोधा. टेप जास्त वेगाने चालत असेल तर ती रेष ३००च्या वर सरकलेली दिसते. वरच्या रेषेवर चूक मोजायला सोपी जाते.

एक गोची मात्र आहे. आपल्याकडचीही वीज ५०चीच, त्यामुळे तुमच्या डेकची घरघर बरोब्बर ३००वर दिसेल. ती रेष मोजू नका. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवलात तर ती बरीच कमी होते.

खाडीकाठ_ठाणे:
डॉल्बी बंद. कितव्या कॉपीला कोणी चालू केलं होतं ते कळायला मार्ग नसतो, आणि चुकीचं डॉल्बी लावलं की वरचे सूर मरतात. त्याहून फरक पडतो तो ॲझिमथने, म्हणजे हेड टेपला ज्या कोनात टेकतं त्याने: हेडशेजारचा छोटा स्क्रू, चुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा थोडा फिरवायचा. दोन्ही चॅनल मोनो करून ऐका. टेपची सरसर सर्वांत उजळ लागेल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज −६ डेसिबलपर्यंत. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) जशीच्या तशी ठेवा, वेगदुरुस्ती कॉपीवरच. सरसर काढणारे फिल्टर अजिबात नकोत, झांजांचा आवाजही सोबत जातो.

ऐरोली_टेप:
'पॅरिस ७९' म्हणजे बहुधा १८ डिसेंबर १९७९चा ले बँ दूश क्लबमधला कार्यक्रम. त्यातली नऊ गाणी २००१ साली अधिकृत अल्बमवर आली, तेव्हा आधी त्याच्याशी ताडून बघा. तेच रेकॉर्डिंग असेल तर वेळ घालवू नका. कोऱ्या कॅसेटींत 'सेरेमनी' ऐकू आलं तर ती २ मे १९८०ची बर्मिंगहॅमची, बँडचा शेवटचा कार्यक्रम.

नेरूळ_पूर्व:
एकीत ३०० आणि ३१२, अशा दोन रेषा आल्या.

५०_हर्ट्झ:
३१२ ही टेपची. ३०० भागिले ३१२ म्हणजे ०.९६१५, तेव्हा 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये −३.८५ टक्के. 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्याने सूर चढाच राहतो. हाच हिशेब सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा. प्रेक्षकांतला मूळ रेकॉर्डर सेलवर चाललेला असतो. सेल उतरत गेले की तो मंदावतो, आणि वाजवताना टेप पुढे पुढे अधिकच वेगाने धावते. आकडे वेगळे आले तर कॅसेटच्या अख्ख्या बाजूला एकच टक्केवारी चालणार नाही, गाण्यागणिक दुरुस्त करावं लागेल.